घरातल्या दुसऱ्या माणसासाठी बॅकअप

आपल्याकडे बहुतेक घरांत बॅकअप म्हणजे ‘डी ड्राइव्ह’. विंडोज बसले की दुकानातला मुलगा घरी येतो, ‘सी फॉरमॅट मारतो, डीला हात लावत नाही’ असे सांगतो आणि घरचे निर्धास्त होतात. लग्नाचे फोटो डीमध्ये, सोसायटीचे हिशेब डीमध्ये, मुलांच्या गुणपत्रिकांचे स्कॅन डीमध्ये. पण सी आणि डी या एकाच हार्डडिस्कच्या दोन वाटण्या असतात. डिस्कचे हेड गेले किंवा सर्किट जळले की दोन्ही एकाच क्षणी जातात. शिवाय आपण रोज जिथे काम करतो ते डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि डाउनलोड्स हे फोल्डर मुळात सीमध्येच असतात. म्हणजे फॉरमॅट मारला की सर्वांत ताजे काम आधी जाते.

डिस्क जाण्याआधी काही सूचना देईल, अशीही पुष्कळांची समजूत असते. आवाज येईल, कॉम्प्युटर संथ होईल, मग बघू. २००७ साली गूगलच्या संशोधकांनी आपल्या वापरातल्या एक लाखाहून अधिक हार्डडिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. डिस्क स्वतःच्या प्रकृतीची नोंद ठेवते, तिला ‘स्मार्ट’ म्हणतात. त्या नोंदींतल्या ज्या चार खुणा सर्वांत भरवशाच्या ठरल्या, त्यांपैकी एकही खूण बंद पडलेल्या निम्म्याहून अधिक डिस्कनी आधी दाखवलेली नव्हती. सूचनेची वाट पाहणाऱ्याला सूचना मिळेलच असे नाही, हे इतक्या मोठ्या संख्येवरून सिद्ध झालेले आहे.

ही पुस्तिका घरच्या कॉम्प्युटरसाठी आहे. कंपनीच्या सर्व्हरसाठी नाही, फोटोग्राफरच्या स्टुडिओसाठी नाही आणि कॉम्प्युटरच्या जाणकारांसाठी तर नाहीच. कोणती डिस्क घ्यावी, कोणते सॉफ्टवेअर टाकावे, क्लाउडला पैसे द्यावेत की नाही, हे प्रश्न घेऊन लोक येतात आणि त्यांची उत्तरे पुढच्या प्रकरणांत आहेत. पण हे प्रश्न दुसऱ्या पायरीवरचे आहेत, असे माझे ठाम मत आहे. पहिल्या पायरीवरचा प्रश्न असा : उद्या हा कॉम्प्युटर नसला, आणि तो सांभाळणारा माणूसही जागेवर नसला, तर घरातल्या कुणाला काय परत मिळेल?

बहुतेक घरांत कॉम्प्युटर ‘बघणारा’ एकच माणूस असतो. कुठे निवृत्त वडील, कुठे नोकरी करणारी मुलगी, कुठे इंजिनिअरिंगला असलेला भाचा. पासवर्ड त्याच्या डोक्यात, डिस्क त्याच्या कपाटात, सॉफ्टवेअर त्याने लावलेले. तो परगावी असताना, आजारी असताना किंवा नसल्यावर बाकीच्यांच्या हाती एक काळी डबी उरते. तिच्यात सगळे आहे हे सर्वांना माहीत असते आणि ते बाहेर कसे काढायचे हे कुणालाच ठाऊक नसते. म्हणून या पुस्तिकेत प्रत्येक निवड एकाच कसोटीवर तपासली आहे : घरातल्या दुसऱ्या माणसाला, कुणाची मदत न घेता, आपली फाइल परत मिळते का? या कसोटीवर काही नावाजलेली साधने मागे पडली आणि काही साधीसुधी पुढे आली.

आधी घरात जपण्यासारखे काय आहे ते पाहू. फोटो आणि व्हिडिओ सर्वांच्या मनात पहिले येतात आणि जागाही तेच सर्वांत जास्त खातात. मोबाइलचा साधा फोटो तीन ते पाच एमबीचा. फोर-के व्हिडिओ मात्र मिनिटाला पावणेदोनशे ते चारशे एमबी घेतो. त्यामुळे नातवाच्या मुंजीचा तासाभराचा व्हिडिओ हा हजारो फोटोंच्या बरोबरीचा पडतो. पण आकाराने लहान असलेल्या गोष्टी अनेकदा जास्त मोलाच्या असतात. सातबाऱ्याचे आणि खरेदीखताचे स्कॅन, मृत्युपत्राचा मसुदा, विमा आणि फंडांची यादी, गृहनिर्माण संस्थेचे मानद सचिव असाल तर सभांची इतिवृत्ते, घरून चालणारा छोटा धंदा असेल तर टॅलीचा डेटा फोल्डर. हे सगळे मिळून दोन-चार जीबीसुद्धा भरत नाही. त्यामुळे याची प्रत तीन ठिकाणी ठेवायला जवळपास काहीच खर्च येत नाही. मोलाच्या लहान फाइल एका फोल्डरमध्ये आणि अवजड फाइल दुसऱ्या फोल्डरमध्ये, एवढी एक वाटणी केली तरी पुढची निवड निम्म्याने सोपी होते.

मराठी घरांत आणखी एक ठेवा असतो आणि बॅकअपवरच्या इंग्रजी पुस्तकांत त्याचा उल्लेखही सापडणार नाही. १९९०च्या दशकात आणि त्यानंतरही बराच काळ मराठी टंकलेखन श्रीलिपी, आकृती, आयएसएम अशा प्रणालींवर झाले. आजोबांचे आत्मचरित्र, आईची कथा, कुलवृत्तांत, मंडळाची स्मरणिका, दिवाळी अंकाला पाठवलेले लेख, सगळे त्या काळच्या वर्डमध्ये नाहीतर पेजमेकरमध्ये. या फॉन्टमध्ये देवनागरी अक्षरांची चित्रे रोमन अक्षरांच्या जागी बसवलेली असत. फॉन्ट असेल तर पानावर मराठी दिसते. नसेल तर रोमन अक्षरे, स्वल्पविराम आणि चिन्हे यांचा खच. फाइल तीच, एकही बाइट बिघडलेली नाही, तरीही मजकूर गेला. अशा फाइलचा बॅकअप घ्यायचा म्हणजे फाइलच्या शेजारी तो फॉन्टही ठेवायचा. पण फॉन्ट ठेवून भागत नाही, कारण काही प्रणाली कॉम्प्युटरला लावायच्या हार्डवेअर लॉकशिवाय चालत नसत, आणि पेजमेकरची ७.० ही २००१ सालची आवृत्ती शेवटचीच ठरली.

त्यामुळे अशा प्रत्येक फाइलच्या तीन गोष्टी करून ठेवा. मूळ फाइल जशीच्या तशी, फॉन्टसकट. तिची पीडीएफ, फॉन्ट आत घातलेली, म्हणजे पान कोणत्याही कॉम्प्युटरवर मूळ रूपात दिसेल. आणि युनिकोडमध्ये रूपांतर केलेला मजकूर, म्हणजे तो शोधता येईल, पुन्हा छापता येईल. रूपांतर करणारी साधने मिळतात, पण रफार जागा बदलतो, काही जोडाक्षरे फुटतात, ‘ऱ्य’सारख्या अक्षरांची वाट लागते, तेव्हा मूळ पीडीएफ शेजारी उघडून ओळीनओळ वाचून काढावे लागते. हे काम कंटाळवाणे आहे आणि ते जुनी अक्षरे ओळखणारी माणसे घरात आहेत तोवरच होण्यासारखे आहे. माझ्या मते मराठी घरातला सर्वांत तातडीचा बॅकअप हाच. फोटोंच्या आधी हा.

आता संकटे. डिस्क बंद पडणे हे त्यातले सर्वांत सरळ. त्याला दुसऱ्या डिस्कवरची कोणतीही प्रत पुरते. चुकून पुसणे किंवा चुकीची फाइल ‘सेव्ह’ करून जुनी घालवणे हे अधिक वेळा घडते, आणि तिथे नुसती प्रत पुरत नाही. कालची, गेल्या आठवड्याची, गेल्या महिन्याची अशा जुन्या आवृत्त्या लागतात. काल बिघडलेली फाइल आज बॅकअपमध्येही बिघडलेलीच जाऊन बसली असेल, तर त्या बॅकअपचा उपयोग काय?

तिसरे संकट खंडणीखोर व्हायरसचे, म्हणजे रॅन्समवेअरचे. कंपन्यांवरच्या हल्ल्यांच्या बातम्या येतात, पण घरच्या कॉम्प्युटरना ज्याने सर्वांत जास्त छळले तो ‘स्टॉप’ किंवा ‘डीजेव्हीयू’ नावाचा प्रकार मुख्यतः फुकट सॉफ्टवेअरच्या ‘क्रॅक’मधून घरात शिरतो. फोटोशॉपचा किंवा ऑफिसचा क्रॅक चालवला की थोड्याच वेळात प्रत्येक फाइलच्या नावापुढे एक परके शेपूट दिसू लागते आणि फाइल उघडेनाशी होते. विंडोजने स्वतःच्या पोटात ठेवलेल्या जुन्या प्रतीही तो पुसून टाकतो. आणि कॉम्प्युटरला कायम जोडून ठेवलेली बॅकअपची डिस्क? तिच्यावरच्या फाइलही त्याच रांगेत कुलूपबंद होतात. म्हणून काम झाले की डिस्क काढून ठेवायची. चोवीस तास लावून ठेवलेली डिस्क सोयीची असते, पण या संकटात ती कॉम्प्युटरच्या बरोबरच बुडते.

चौथे संकट पाण्याचे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. ऑगस्ट २०१९मध्ये सांगली-कोल्हापुरात घरांत दिवसेंदिवस पाणी उभे होते. २२ जुलै २०२१ला चिपळूण बुडाले. अशा वेळी कॉम्प्युटर टेबलावर आणि बॅकअपची डिस्क त्याच टेबलाच्या खणात, अशी स्थिती असेल तर दोन प्रती असूनही एकच प्रत असल्यासारखे आहे. चोरी आणि आग यांनाही हेच लागू. आणि ही चूक फक्त घरगुती माणसे करत नाहीत. २६ सप्टेंबर २०२५ रोजी दक्षिण कोरियातल्या दाइजॉन शहरातल्या सरकारी डेटा केंद्राला आग लागली. सरकारी कर्मचाऱ्यांची कागदपत्रे ज्यावर साठवली जात ते ‘जी-ड्राइव्ह’ त्यात जळाले. त्यावरचा साठा ८५८ टीबीचा होता आणि त्याची बाहेर दुसरी प्रत नव्हती. साठा फार मोठा म्हणून बाहेर प्रत ठेवलेली नाही, असे कारण देण्यात आले.

या सगळ्या संकटांना मिळून एक जुना आणि सोपा नियम आहे. अमेरिकन छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी छायाचित्रकारांसाठी लिहिताना तो मांडला आणि पुढे सगळ्या जगाने उचलला : तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. कॉम्प्युटरमधली मूळ फाइल ही पहिली प्रत, घरातल्या बाहेरून जोडायच्या डिस्कवरची दुसरी, आणि बहिणीच्या घरी, गावच्या घरी किंवा क्लाउडवर तिसरी. नियम पाठ करायला सोपा आहे. घरोघरी अडते ते ‘घराबाहेर’ या शब्दापाशी. ज्यांची मुले दुसऱ्या शहरात किंवा परदेशात आहेत त्यांच्यासाठी उत्तम उपाय असा की दोन डिस्क ठेवायच्या आणि दर भेटीत अदलाबदल करायची. पुण्याची डिस्क न्यू जर्सीला जाते, तिकडची इकडे येते आणि दोन्ही घरांच्या फोटोंची एकमेकांकडे राखण होते. जवळपास राहणाऱ्यांनी पावसाळ्याची वेळ पाळावी : मृग लागण्याआधी ताजी प्रत करून डिस्क दुसऱ्या घरी पोचवायची. जगात ३१ मार्च हा ‘बॅकअप दिन’ म्हणून पाळतात, पण मार्चअखेरीच्या धांदलीत आपल्याकडे कुणाला उसंत असते?

डिस्क कोणती, यावर लोक तासन्‌तास वाद घालतात आणि तो वेळ वाया जातो. हार्डडिस्क बनवणाऱ्या कंपन्या जगात आता तीनच उरल्या आहेत : सीगेट, वेस्टर्न डिजिटल आणि तोशिबा. तिघींच्याही डिस्क जातात आणि तिघींच्याही वर्षानुवर्षे चालतात. एकाच कंपनीच्या दोन डिस्क एकाच वेळी घेण्यापेक्षा वेगवेगळ्या कंपन्यांच्या घ्या, म्हणजे एकाच घाण्यातला दोष दोघींत येणार नाही. वॉरंटी किती वर्षांची हे बघा, पण वॉरंटीत नवी डिस्क मिळते, तुमचे फोटो मिळत नाहीत, हेही ध्यानात ठेवा.

आकार कसा ठरवावा? आज जेवढा माल आहे त्याच्या दुप्पट ते तिप्पट, कारण जुन्या आवृत्त्यांनाही जागा लागते. एक टीबीची डिस्क विंडोजमध्ये ९३१ जीबी दिसते, ती फसवणूक नव्हे. कंपनी हजाराने मोजते आणि विंडोज एक हजार चोवीसने. फसवणूक वेगळीकडे आहे. ऑनलाइन दुकानांत दोन-अडीच हजार रुपयांत ‘१६ टीबी’ची पोर्टेबल एसएसडी दिसली तर तिच्या वाटेला जाऊ नका. आत एक लहान मेमरी कार्ड असते आणि त्याच्या चिपला खोटे बोलायला शिकवलेले असते. खरी जागा भरली की नवी फाइल जुन्या फाइलच्या अंगावर लिहिली जाते. फोल्डरमध्ये नावे सगळी दिसतात, उघडायला गेले की काहीच उघडत नाही. कोणतीही नवी डिस्क किंवा पेनड्राइव्ह विश्वासाने भरण्याआधी ‘एचटूटेस्टडब्ल्यू’ या मोफत सॉफ्टवेअरने एकदा पूर्ण भरून तपासावी. रात्रभर लागते, पण एकदाच.

एसएसडी की हार्डडिस्क, या प्रश्नावर माझे उत्तर बॅकअपपुरते हार्डडिस्क असे आहे. एसएसडी वेगवान, हलकी आणि पडली तरी सहसा न बिघडणारी. रोजच्या कामाला तीच हवी. पण तिच्यात माहिती विद्युतभाराच्या रूपात साठते आणि वीज न मिळता ती वर्षानुवर्षे, त्यातही उष्ण जागी, पडून राहिली तर तो भार हळूहळू झिरपतो. कपाटात ठेवायच्या वस्तूला हे गैरसोयीचे. शिवाय एसएसडीवरून पुसलेली फाइल परत मिळवणे रिकव्हरीवाल्यालाही बहुधा जमत नाही. हार्डडिस्क संथ आहे, धक्क्याला नाजूक आहे, पण प्रत्येक टीबीमागे स्वस्त आहे. यूएसबी ३च्या पोर्टवर ती सेकंदाला शंभर एमबीच्या आसपास लिहिते, म्हणजे एक टीबीला पावणेतीन तास. जुन्या यूएसबी २च्या पोर्टला लावली तर तेच काम आठ-नऊ तासांवर जाते आणि माणूस कंटाळून मध्येच केबल उपसतो. आपल्या कॉम्प्युटरचा वेगवान पोर्ट कोणता, हे आधी ओळखून ठेवा. कोकणात आणि मुंबईत दमट हवेने पोर्टच्या पट्ट्यांवर गंज चढतो. डिस्क झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवावी आणि दोन-तीन महिन्यांनी एकदा तरी चालवावी. पेनड्राइव्ह फाइल इकडून तिकडे नेण्यासाठी. डीव्हीडीत ४.७ जीबी मावते आणि ती वाचणारा ड्राइव्ह नव्या लॅपटॉपला नसतो. जुन्या डीव्हीडी असतील तर त्यातला माल या वर्षीच बाहेर काढा.

क्लाउडविषयी लोकांच्या दोन टोकांच्या भावना दिसतात : काहींना तो सर्वांवरचा उपाय वाटतो, काहींना त्याची धास्ती वाटते. मला तो तिसऱ्या प्रतीसाठी चांगला वाटतो, पहिल्या आणि दुसऱ्यासाठी नाही. गूगलचे मोफत १५ जीबी, मायक्रोसॉफ्टचे आणि ॲपलचे पाच-पाच जीबी. १ जून २०२१पासून गूगल फोटोजमधले नवे फोटोही त्या १५ जीबीतच मोजले जातात. मोलाच्या लहान फाइलना एवढी जागा भरपूर झाली, व्हिडिओंना नाही. विकत जागा घेतली तरी घरच्या इंटरनेटचा चढता वेग पाहावा लागतो : २० एमबीपीएसने ५०० जीबी चढवायला सलग दोन दिवसांहून अधिक लागतात, आणि संकटकाळी सगळे उतरवून घ्यायलाही वेळ जातोच.

त्याहून महत्त्वाचे असे की वनड्राइव्ह, गूगल ड्राइव्ह, आयक्लाउड ही मुळात दोन जागा एकसारख्या ठेवणारी साधने आहेत. लॅपटॉपवर फाइल पुसली की क्लाउडवरही पुसली जाते. कचराकुंडीत साधारण तीस दिवस राहते, मग कायमची जाते. दिवाळीत चुकून पुसलेला फोल्डर संक्रांतीला आठवला, तर तो तिथे नसतो. दोन वर्षे न वापरलेले वैयक्तिक गूगल खाते बंद करून त्यातला मजकूर काढून टाकण्याचा अधिकार गूगलने स्वतःकडे ठेवला आहे आणि २०२३च्या डिसेंबरपासून तो अमलात आणायला सुरुवात केली. ज्यांनी दिवंगत आईवडिलांची खाती तशीच ठेवली आहेत त्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावे. घरगुती बॅकअपची सेवा देणाऱ्या क्रॅशप्लॅनने २०१७च्या ऑगस्टमध्ये घरगुती ग्राहकांची सेवा बंद करत असल्याचे जाहीर केले आणि २०१८च्या ऑक्टोबरमध्ये ती बंद झाली. क्लाउडवर ठेवा, पण फक्त तिथेच ठेवू नका.

सॉफ्टवेअरच्या निवडीत ‘दुसऱ्या माणसाची’ कसोटी सर्वांत कडक लागते. बॅकअपच्या सॉफ्टवेअरचे ढोबळपणे दोन वर्ग आहेत. एक वर्ग फाइल जशीच्या तशी उचलून दुसऱ्या डिस्कवर ठेवतो; तिथे फोल्डर उघडा, फोटो दिसतो. दुसरा वर्ग सगळ्या फाइल एका मोठ्या गाठोड्यात, स्वतःच्या पद्धतीने बांधून ठेवतो. गाठ सोडायला तेच सॉफ्टवेअर, अनेकदा पासवर्डही लागतो. दुसऱ्या वर्गात फायदे खरोखर मोठे आहेत : जागा कमी लागते, जुन्या आवृत्त्या नीट राहतात, कुलूप घालता येते. रेस्टिक, कोपिया, डुप्लिकाटी ही अशी मोफत आणि उत्तम साधने आहेत. पण विंडोज एक्सपीच्या काळात त्यातल्याच एनटीबॅकअप या प्रोग्रॅमने बांधलेली गाठोडी घेऊन लोक व्हिस्टावर गेले तेव्हा तिथल्या बॅकअप प्रोग्रॅमला ती उघडता येईनात. मायक्रोसॉफ्टला त्यासाठी वेगळे साधन द्यावे लागले. आठ-दहा वर्षांनी, कॉम्प्युटरशी फारसा संबंध नसलेल्या माणसाला गाठोडे उघडावे लागेल, हे धरून चालले तर घरच्या फोटो-कागदपत्रांसाठी पहिला वर्गच बरा. थोडी जागा जास्त गेली तर जाऊ द्या.

मॅकवाल्यांचे काम सर्वांत सोपे. २००७ साली मॅकच्या लेपर्ड या आवृत्तीबरोबर आलेले टाइम मशीन तासातासाला प्रत घेते, जुन्या आवृत्त्या ठेवते आणि परत मिळवताना माणूस तारखांमधून मागे जात फाइल शोधू शकतो. त्याची एकच अडचण : ती डिस्क विंडोजवर उघडत नाही. घरात एकच मॅक असेल आणि बाकी सगळे विंडोज, तर वर्षातून एकदा फोटोंची साधी प्रत एक्सफॅट केलेल्या डिस्कवर काढून ठेवा, ती दोन्हीकडे वाचता येते. मात्र एक्सफॅट अचानक केबल काढणे सहन करत नाही. ‘इजेक्ट’ केल्याशिवाय हात लावायचा नाही, हे घरातल्या सर्वांना सांगा.

विंडोजमध्ये २०१२पासून फाइल हिस्टरी आहे. नव्या विंडोजमध्ये ती कंट्रोल पॅनेलमध्ये खोल जाऊन बसली आहे, म्हणून लोकांना ती दिसत नाही. आवृत्त्या ठेवते, फाइल उघड्या रूपात ठेवते, फुकट आहे. पण तिच्यात आपल्या घरांसाठी एक सापळा आहे : ती डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स असे ठरावीक फोल्डरच उचलते. डी ड्राइव्हवरचा फोल्डर तुम्ही स्वतः ‘लायब्ररी’त घातला नाही तर तो कधीच बॅकअपमध्ये जात नाही, आणि ती तशी सूचनाही देत नाही. आपल्याकडे सगळा माल डीवर! विंडोज ११मधले ‘विंडोज बॅकअप’ नावाचे ॲप वेगळेच आहे. ते फाइल वनड्राइव्हच्या पाच जीबीत पाठवते. साध्या प्रतीसाठी मी फ्रीफाइलसिंक सुचवतो, पण त्यात ‘मिरर’ निवडताना पुसलेल्या फाइल वेगळ्या फोल्डरमध्ये तारखेसह जपण्याची सोय चालू करूनच. नाहीतर इकडची चूक तिकडे इमानेइतबारे उतरते. डाव्या-उजव्या बाजूंची अदलाबदल झाली तर रिकामी डिस्क भरलेल्या डिस्कला रिकामी करते, हेही तिथेच घडते. कळ दाबण्याआधी किती फाइल पुसल्या जाणार हा आकडा सॉफ्टवेअर दाखवते. तो वाचा.

अख्ख्या कॉम्प्युटरची प्रतिमा, म्हणजे विंडोज आणि सॉफ्टवेअरसकट इमेज, घेण्याची साधनेही पुढे दिली आहेत. वीमचे मोफत एजंट, क्लोनझिला वगैरे. टॅली, जुने श्रीलिपी किंवा एखादा विशिष्ट प्रिंटर चालवणाऱ्या घरांनाच त्याची खरी गरज. बाकीच्यांना विंडोज पुन्हा टाकून घेता येते. नॅस (घरातल्या सगळ्या कॉम्प्युटरना मिळून नेटवर्कवरची एक साठवण) आणि रेड (दोन डिस्कवर एकच माल) यांवरही एक छोटे प्रकरण आहे, पण चार-पाच कॉम्प्युटर नसतील तर ते वगळले तरी चालेल. रेडमुळे एक डिस्क गेली तरी काम थांबत नाही. पुसलेली फाइल मात्र दोन्ही डिस्कवरून पुसलेलीच असते.

कुलूप आणि किल्ली हा भाग मी पुन्हा पुन्हा लिहिला, कारण सर्वांत जास्त घरे इथे अडकतात. नव्या विंडोज ११ लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केले की अनेकदा डिस्क आपोआप कुलूपबंद होते. लॅपटॉपचा मदरबोर्ड गेला आणि डिस्क काढून दुसरीकडे लावली की ती ४८ अंकी किल्ली मागते. ती किल्ली असते त्या मायक्रोसॉफ्ट खात्यात. खाते उघडायला ओटीपी लागतो. ओटीपी येतो तो ज्यांचा लॅपटॉप त्यांच्याच मोबाइल नंबरवर. आणि माणूस गेल्यावर घरचे लोक जी कामे सर्वांत आधी उरकतात त्यात तो नंबर बंद करणे हे एक असते. ही साखळी एकदा डोळ्यांसमोर आली की काय करायचे ते आपोआप कळते : किल्ली कागदावर छापून मृत्युपत्र, विमा आणि बँकेची कागदपत्रे ज्या फाइलीत आहेत त्याच फाइलीत ठेवायची; सगळी खाती मार्गी लागेपर्यंत नंबर बंद करायचा नाही; गूगलच्या निष्क्रिय खात्याच्या सोयीत आणि ॲपलच्या वारस संपर्कात घरातल्या माणसाचे नाव आजच भरायचे. बाहेरगावी जाणाऱ्या डिस्कला कुलूप जरूर घाला, चोरी झाली तर आधार आणि पॅनच्या प्रती परक्याच्या हाती पडू नयेत. घरच्या कपाटातल्या डिस्कला घालायचे की नाही हे घरातल्यांनी मिळून ठरवावे. मी घालत नाही.

राहिली तालीम. बॅकअप घेतल्याची हिरवी खूण म्हणजे फाइल परत मिळण्याची खात्री नव्हे. वर्षातून दोनदा बॅकअपची डिस्क दुसऱ्याच कॉम्प्युटरला लावा, आणि तुम्ही नाही, घरातल्या दुसऱ्या कुणीतरी लावा. त्यांना तीन गोष्टी उघडायला सांगा : पाच वर्षांपूर्वीचा एक फोटो, गेल्या महिन्याची एक एक्सेल फाइल, आणि जुनी एखादी मराठी फाइल. मध्ये बोलू नका. ‘कुठली केबल?’, ‘हा पासवर्ड कुठला?’, ‘हे नाव असे विचित्र का दिसते?’ असे जे प्रश्न येतील ते लिहून घ्या. लांबलचक देवनागरी नावे जुन्या झिप साधनांत बिघडतात, हे बऱ्याच जणांना याच वेळी कळते. त्या प्रश्नांची उत्तरे एका पानावर मोठ्या अक्षरांत लिहून डिस्कच्या डब्यातच ठेवा.

पुढची प्रकरणे कोणत्याही क्रमाने वाचता येतील. पहिले मात्र वगळू नका, त्यात तुमच्या घरच्या फाइलींची यादी तुम्हीच करायची आहे. सॉफ्टवेअर बदलत राहते, त्यामुळे कुठे पडद्यावर वेगळे दिसेल. तत्त्व तेच राहील. आणि एक विनंती आहे. पुस्तिका वाचून झाली, डिस्क लावून झाली, की घरात जे कॉम्प्युटरला सहसा हात लावत नाहीत त्यांच्या हाती ही द्या आणि त्यांना तालमीचे प्रकरण एकट्याने करू द्या. ते ज्या पानावर अडतील ते पान मला प्रकाशकांमार्फत कळवा. पुढच्या आवृत्तीत सर्वांत आधी ती पाने नव्याने लिहायची आहेत.